पाऊस सातबारा बघून पडत नाही

"काकू, तासगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. नाव छापू नका. आमची अडीच एकर द्राक्षबाग. मामा, म्हणजे माझे सासरे, 71 वर्षांचे, माळकरी. बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरांचे पैसे द्यायचे म्हणजे द्यायचे, घरात असोत नसोत. एकदा व्यापाऱ्याच्या माणसाने चुकून चार पेट्या जास्त धरल्या, तर दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन पैसे परत दिले. यंदा नोव्हेंबरात ऐन फुलोऱ्यात चार दिवस पाऊस लागला आणि बाग कुजली. शिवारातल्या निम्म्या बागा गेल्या. आठ दिवसांत मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शेजारी चुलत दिरांची बाग. ते दर वर्षी आमचा बांध कोरतात, मजुरांचे पैसे बुडवतात, आकडा टाकून मोटार चालवतात. त्यांच्या बागेला काही झालं नाही. दर चांगला लागला, दारात नवा ट्रॅक्टर आला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज मामांच्या कॉटजवळ बसून विचारतात, 'आठवून बघा, कुणाचं काय खाल्लं होतं?' एका बघणाऱ्याने पितरांचं आहे म्हणून सांगितलंय, 40 हजार खर्च. आमचे हे म्हणतात, चांगलं वागून काय मिळालं, आता मीबी तसंच वागणार. काकू, चांगल्याचं चांगलं होतं हे खोटं का? का आमचंच काही चुकलं?"

पोरी,

बाकीचं नंतर. आधी एक काम, आणि ते आजच कर. आत्यांचा तो प्रश्न थांबव.

उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, असं तू लिहितेस. बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि शरीराची उजवी बाजूही तिथूनच चालते, म्हणून पुष्कळदा ही दोन्ही एकदम जातात. पण शब्द जुळवून तोंडावाटे काढणारी जागा वेगळी आणि ऐकलेलं उमगणारी जागा वेगळी. पहिली दुखावली आणि दुसरी बऱ्यापैकी शाबूत, असे पेशंट पुष्कळ असतात. मामांचं नेमकं काय झालंय ते डॉक्टरांना विचार. तोवर त्यांना सगळं कळतंय असंच धरून चाल. आता बघ, ज्या माणसाने चार पेट्यांचे पैसे ठेवून घेतले नाहीत, त्याला त्याची बायको रोज विचारते की कुणाचं खाल्लंत, आणि त्याला नुसतं 'नाही' म्हणायचीही सोय नाही.

आत्यांवर चिडू नकोस मात्र. त्यांना कारण हवंय. कारण सापडलं की उपाय सापडेल, एवढ्यावर त्या तग धरून आहेत. मी स्वतः हेच केलंय, आणि तेही त्यांच्यापेक्षा निर्लज्जपणे.

आमचं घर सांगलीत, गावभागात. 2005 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 53 फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी 45. गल्लीत पाणी शिरलं, चढत राहिलं आणि आमच्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. समोरचं घर सखल, ते खिडक्यांपर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर समोरच्या वहिनी भिजलेल्या गाद्या काठीने उलथत होत्या. पोरांचे शाळेचे दाखले दोरीवर चिमटे लावून वाळत टाकले होते, शाई ओघळून गेलेली. आणि मी माझ्या कोरड्या पायरीवर उभी राहून म्हटलं, "देवानं वाचवलं बाई आम्हाला. कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही म्हणून." वहिनींनी मान वर केली नाही. काठी चिखलात रोवली आणि म्हणाल्या, "आणि आम्ही चिंतलं होय?"

चौदा वर्षांनी, ऑगस्ट 2019 मध्ये, तेच पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आमच्या देव्हाऱ्यात शिरलं. मधल्या काळात मी काही दरोडे घातले नव्हते. जोतं तेवढंच होतं, पाणी तेवढं चार फूट जास्त आलं. म्हणजे माझं पुण्य एकूण चार फुटांचं निघालं. विश्रामबागेत त्या दिवसांत कुणाचा पाय भिजला नाही, कारण तो भाग उंचावर आहे. सांगलीतले सगळे सज्जन तिकडे राहायला गेलेत असं काही माझ्या कानावर नाही. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. तीत बायका होत्या, लहान पोरं होती. आणि हेच कृष्णेचं पाणी पुढे नरसोबाच्या वाडीला देवळात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडलं की आपणच दक्षिणद्वार म्हणून स्नानाला धावतो.

हां, पुराला माणसांनी केलेली कारणंही होती. नाले कुणी बुजवले, पूरपट्ट्यात घरं कुणी बांधू दिली. तिथे पाप हुडकायचं तर भरपूर सापडेल. पण ज्यांनी ते केलं त्यांचीच घरं वेचून बुडाली, असं काही घडलं नाही.

आता तुझी बाग. पत्राच्या मागच्या बाजूला तू बारीक अक्षरात एक ओळ लिहिलीस, ती वर छापलेली नाही. छाटणीच्या टोळीतल्या एकाच्या घरी मयत झालं, म्हणून मामांनी छाटणी पंधरा दिवस पुढे ढकलली. सगळं उत्तर त्या ओळीत आहे गं.

छाटणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी बाग फुलोऱ्यात येते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फुलोऱ्यातल्या घडावर सलग चार दिवस पाणी बसलं की गळ, कूज, वर दावण्या रोग. चुलत दिरांनी आगाप, म्हणजे लवकर, छाटली होती. पाऊस आला तेव्हा त्यांचे मणी धरून ज्वारीएवढे झाले असतील. त्या वेळी औषधं मारून बाग निभावून नेता येते. ढग दोन्ही बागांवर एकच होता. फरक तारखेचा. गावातल्या कुठल्याही जुन्या बागायतदाराला विचार, पाऊस आधी लागून आगाप बागा गेल्या आणि मागास वाचल्या, अशी वर्षंही त्याला तोंडपाठ असतील. तसं वर्ष असतं तर मामा पुण्यवान आणि दीर पापी ठरले असते का? फळपीक विमा काढला असेल तर त्याचं आधी बघा. तिथली भरपाईसुद्धा मंडळातल्या हवामान केंद्रावर किती मिलिमीटर पडला त्यावर ठरते. किती वाऱ्या केल्या, हा रकाना त्या अर्जात नाही.

निम्म्या बागा गेल्या म्हणतेस. मग निम्मं गाव पापी? आणि त्या निम्म्यात मजुरांना बुडवणारे कुणीच नाहीत? असणारच. पण त्यांची कुजलेली बाग बघून आपण 'बरं झालं' म्हणतो आणि विसरतो. चांगल्या माणसाला चांगला दर लागला तर पारावर त्याची चर्चाच होत नाही. मामांची बाग आणि दिरांचा ट्रॅक्टर, ही जोडी तेवढी काट्यासारखी रुतते आणि मग सगळं जग तसंच दिसायला लागतं.

इथे एक कडू गोष्ट कबूल केलीच पाहिजे. मामांचा चांगुलपणाच त्यांना आडवा आला. त्या माणसाला ते म्हणाले असते, 'तू नको येऊस, मी दुसरी टोळी बघतो', तर कदाचित बाग वाचली असती. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. प्रामाणिक लाकूडतोड्याला नदीतून सोन्याची कुऱ्हाड मिळते, हे इतक्या वेळा शिकवलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. चांगुलपणाची किंमत पडते, आणि कधी कधी अडीच एकरांएवढी पडते. पण मामांनी त्या दिवशी पावसाशी सौदा केला नव्हता. त्यांनी एका माणसाला सुतक पाळू दिलं. ते काम तिथल्या तिथे पुरं झालं होतं. नोव्हेंबरात पाऊस पडला म्हणून ऑक्टोबरातली ती गोष्ट चुकीची ठरत नाही.

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल. कॉटपाशी बसून चहा पितात आणि जाताना अंगणात चपला घालता घालता कुजबुजतात, 'तसं काहीतरी असल्याशिवाय होत नाही'. तू लिहिलं नाहीस, पण हे झालं असणार, मला माणसं माहीत आहेत. मेल्विन लर्नर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचा 1966 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना बसवून दाखवलं की एक बाई उत्तर चुकली की तिला विजेचा झटका देतात. झटके खोटे, बाई नाटक करणारी, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. तिची सुटका करायची संधी मिळाली तेव्हा बहुतेकांनी ती केली. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, नुसतं बसून बघायचं होतं, ते हळूहळू त्या बाईलाच नावं ठेवायला लागले. अंगणातली कुजबुज तीच. मामांसारख्याला हे होतं तर आपल्यालाही होईल, हा विचार सोसत नाही. मग मामांतच काहीतरी खोट काढली की आपण सुरक्षित.

मोठ्या माणसांचाही इथे पाय घसरलाय. 15 जानेवारी 1934 ला बिहारात भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी म्हणाले, हे अस्पृश्यतेच्या पापाचं शासन. अस्पृश्यता जावी असं रवींद्रनाथांनाही वाटतच होतं, तरी त्यांनी जाहीरपणे विरोध केला. निसर्गातल्या संकटाची कारणं निसर्गातच असतात, असं त्यांचं म्हणणं. आणि साधा विचार कर, त्या ढिगाऱ्यांखाली, ज्यांना शिवून घेत नव्हते ती माणसंही असणारच ना? त्यांना कसलं शासन?

'मग पूर्वजन्मीचं असेल' असं आत्या म्हणतील. वहीत लिहितात ना, मागील पानावरून पुढे, तसं. या पानावर जमाखर्च जुळेना म्हणून मागचं पान. तुमची श्रद्धा मोडायला मी बसलेली नाही, मलाही एखाद्या रात्री त्यात बरं वाटतं. पण ते मागचं पान तुला दिसत नाही, मला दिसत नाही आणि त्या बघणाऱ्यालाही दिसत नाही. दिसत असतं तर 40 हजार असा गोल आकडा निघाला नसता, थोडे सुट्टे पैसे तरी आले असते. ते पैसे मिरजेत जाऊन खर्च करा. व्यायामासाठी आणि बोलण्याच्या सरावासाठी, म्हणजे फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी. झटक्यानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात, ते पूजेच्या मुहूर्तासाठी थांबत नाहीत. मामांचं बीपी आधी कधी मोजलं होतं का, तेही आठव, आणि तुझ्या नवऱ्याचं या आठवड्यात मोजून घे. पितरांकडून घरात काही आलंच असेल तर ते बहुधा तेवढंच असेल.

आणि माळकऱ्याच्या घरात हा प्रश्न यावा याचं मला नवल वाटतं. तुकोबांची पहिली बायको 1630 च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळात अन्न अन्न करत गेली. धंदा बुडाला, मान गेला. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, काही लपवलं नाही. देहूतही तेव्हा कुणीतरी अंगणात कुजबुजलं असेल. विचार आत्यांना, तुकोबांनी कुणाचं काय खाल्लं होतं?

चुलत दिरांचं प्रकरण मात्र वेगळं, ते देवावर सोडू नकोस. बाग वाचली हे त्यांचं नशीब. बांध कोरला ती चोरी. दोन्ही एका पोत्यात भरलंस म्हणून सगळं इतकं जड झालंय. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज असतो, पैसे भरायचे, सर्व्हेअर येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो. वेळ लागेल. भाऊबंदकी पेटेल. त्यातूनही ते निसटणार नाहीत, अशी हमी मी देत नाही. ट्रॅक्टर त्यांचाच राहील, आणि तो तुला रोज सकाळी दिसत राहील. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

राहिला तुझा नवरा. वनवासात द्रौपदीने धर्मराजाला अगदी हेच सुनावलं होतं. धर्म सांभाळणाऱ्याला धर्म सांभाळतो म्हणे, तुम्हाला तर सांभाळताना दिसत नाही. त्यावर तो म्हणाला, द्यायला हवं म्हणून मी देतो, फळावर डोळा ठेवून नाही. धर्माला गाईसारखं पिळायला बघणारा तो धर्माचा व्यापारी. द्रौपदी तेवढ्यावर गप्प बसली नाही, पुढेही वाद घालत राहिली, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

पण तुझ्या नवऱ्याला महाभारत नको सांगूस, तो उठून शेतात जाईल. त्याला एकच विचार. 'तसंच वागणार' म्हणतोस, तर सुरुवात कुणापासून? कुणाचे पैसे बुडवायचे, नाव सांग. त्या मयत झालेल्या घरच्या माणसाचे? तुमच्या अंगणात चहा पिऊन गेलेल्या मजूर बाईचे? नाव घ्यायची वेळ आली की बहुतेकांची जीभ अडखळते. आणि मला वाटतं, तो बोलतोय ते धर्माबद्दल नाहीच. सोसायटीचं कर्ज, औषधांच्या दुकानाची उधारी, पुढच्या छाटणीचं भांडवल, हे त्याच्या छातीवर बसलंय. रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बस त्याच्याजवळ. कुणाचं किती, कुणाला थांबा म्हणता येईल, पंचनामा झालाय का, कर्जाचे हप्ते वाढवून मिळतात का. आकडे कागदावर आले की माणूस थोडा शुद्धीवर येतो. मजूर आपणहून कुजलेले घड काढायला आले होते, असंही तू लिहिलंस, तेही वर छापलेलं नाही. त्याला पुण्याचं फळ म्हणून मिरवू नका. वेळेवर पैसे देणाऱ्या घराची माणसं ओळख ठेवतात, एवढंच, आणि कधी कधी तीही ठेवत नाहीत.

आत्यांचा प्रश्न काढून घ्यायचा तर त्यांच्या तोंडाला दुसरं काहीतरी द्यावं लागेल. माझ्या थोरल्या भावाला असाच झटका आला होता. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येत नसे, नुसता हुंकार. गणपतीत पोरांनी आरती सुरू केली आणि हा दुसऱ्या ओळीपासून त्यांच्यात. शब्द बोबडे, पण ओळखू येणारे. आम्ही सगळे गात गातच त्याच्याकडे बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, गाणं आणि पाठ केलेलं हे मेंदूत थोड्या वेगळ्या वाटेने येतं, म्हणून बोलणं अडलेल्यांना कधी कधी ते जमतं. सगळ्यांना जमतंच असं नाही.

मामांना हरिपाठ पाठ असणारच. संध्याकाळी दिवा लागला की आत्यांना त्याच कॉटवर बसव. टाळांची जोडी दोरीतून सोड, एक मामांच्या डाव्या हातात दे, दुसरा आत्यांच्या हातात. ओळ आत्यांनी सुरू करायची आणि शेवटचा शब्द सोडून थांबायचं. पहिले काही दिवस नुसता टाळच वाजेल, तोही चुकीच्या ठेक्यात. वाजू दे.

— काकू